गडकिल्ल्यांच्या मराठी व्हिडिओंसाठी एआय टूल कुठलं घ्यावं? व्हिओ, रनवे, क्लिंग की सोरा?

तुम्ही विचारलंय की गडकिल्ल्यांवर मराठी चॅनल सुरू करायचंय, ड्रोन नाही, टीम नाही, महिन्याला दोन हजारांच्या वर खर्च जमणार नाही, तर व्हिओ, रनवे, क्लिंग आणि सोरा या वर्णनावरून किंवा फोटोवरून व्हिडिओ बनवणाऱ्या टूल्सपैकी नेमकं कुठलं घेऊ. मी गेलं दीड वर्ष जवळपास हेच करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थेट उत्तर पाहिजे असेल तर पहिल्या महिन्याला गुगलचा प्रो प्लॅन घ्या म्हणजे व्हिओ मिळेल, माणसं चालतायत, घोडा पळतोय असले शॉट क्लिंगवर करून बघा, रनवे नंतर, आणि सोराच्या मागे लागू नका. पण एवढं वाचून लगेच पैसे भरायला जाऊ नका कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. आपण महिन्याची फी बघतो आणि वापरता येतील असे सेकंद किती हाती लागतात ते बघतच नाही.

माझा स्वतःचा हिशोब सांगते. गुगल एआय प्रो भारतात महिन्याला १,९५० रुपये (तुमचं जिओचं सिम असेल तर आधी त्यांची फुकट ऑफर लागू होते का बघा, ऑक्टोबर २०२५ मध्ये १८ महिन्यांची जाहीर केली होती). मी घेतला तेव्हा त्यात फ्लो नावाच्या त्यांच्या एडिटरसाठी महिन्याला १,००० क्रेडिट (क्लिप बनवताना खर्ची पडणारे पॉइंट) होते, एक क्लिप ८ सेकंदांची, फास्ट मोडला २० क्रेडिट आणि क्वालिटी मोडला १००. म्हणजे फास्टमध्ये ५० क्लिप, क्वालिटीमध्ये फक्त १०. आता ५० क्लिप ऐकायला भरपूर वाटतात, पण माझ्या वहीत लिहिलेलं बघितलं तर चारातली एक क्लिप ठेवण्यासारखी निघते, आणि त्या ८ सेकंदांतलेही साडेतीनच सेकंद खरे कामाचे असतात, पुढे काहीतरी बिघडतंच. म्हणजे महिन्याचे सगळे क्रेडिट संपवून हातात चाळीसेक सेकंद. सेकंदाला पंचेचाळीस-पन्नास रुपये पडले की हो! हा आकडा एकदा डोक्यात बसला की माणूस प्रॉम्प्ट (काय पाहिजे ते टूलला लिहून सांगणं) टाकायच्या आधी चार वेळा विचार करतो. तुम्हीही पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा, शॉट कुठला, किती वेळा केला, किती सेकंद वापरले, एवढंच लिहायचं. महिन्याच्या शेवटी कुठलं टूल तुमच्यासाठी स्वस्त ते त्या वहीतच दिसेल, कुणाच्या रिव्ह्यूची गरज पडणार नाही.

आता किल्ल्यांचं. हे मुद्दाम लांबवून सांगते कारण इथेच सगळी टूल्स एकसारखी फसतात.

मला रायगडाच्या महादरवाजाचा शॉट पाहिजे होता, संध्याकाळ, धुकं, मशाली. नुसतं लिहून मागितलं तर पहिल्यांदा आला लाल दगडाचा राजस्थानी किल्ला, वर घुमट, झरोके, सगळं. मग काळा कातळ, सह्याद्री, पावसाळा असं सगळं घातलं तेव्हा दगड काळा झाला पण दरवाजा समोरासमोर, सरळ, लांबून दिसणारा. आणि आपल्या गोमुखी दरवाजाची तर सगळी गंमतच ही आहे की तो समोरून दिसतच नाही. दोन बुरूज कवेत घेतल्यासारखे पुढे येतात, वाट त्यांच्यामधून वळते आणि वळल्यावरच दरवाजा दिसतो, शत्रूला नेम धरायला जागा नाही, हत्तीला धडक द्यायला धाव घ्यायला जागा नाही, आणि वर दोन्ही बाजूंनी आपली माणसं. हे मॉडेलला (टूलच्या आतल्या एआयला) कळत नाही कारण त्याला किल्ला बांधायचा कशासाठी हेच माहीत नसतं, त्याने लाखो व्हिडिओ बघून ‘किल्ल्याचा दरवाजा म्हटलं की पडद्यावर साधारण काय दिसतं’ तेवढं शिकलेलं असतं. आणि जगभरातल्या फोटोंमध्ये दरवाजा समोरूनच असतो. राजगडाच्या संजीवनी माचीची चिलखती तटबंदी मागून बघा, दोन भिंती आणि मधली चिंचोळी वाट कधीच येणार नाही, एकच जाड भिंत येईल.

मग मी काय केलं, लिहिणं बंद केलं आणि स्वतः काढलेला फोटो दिला. वाटेच्या वळणावरून काढलेला, दोन्ही बुरूज दिसतायत असा. आणि मागितलं फक्त एवढंच, धुकं डावीकडून उजवीकडे सरकतंय, मशालीची ज्योत हलतेय, कॅमेरा हळू पुढे. पहिले तीन सेकंद इतके सुंदर आले की अंगावर काटा आला. चौथ्या सेकंदाला कॅमेरा वळला आणि पलीकडे काय आहे ते त्याला माहीत नसल्याने त्याने आपल्या मनाने पितळी खिळ्यांचं दार आणि त्यामागे चक्क बाग काढली. मग दुसरा फोटो काढून आणला, वळणाच्या आतून, दरवाजाचा, आणि पहिला फोटो सुरुवातीची फ्रेम (व्हिडिओतलं एक स्थिर चित्र), दुसरा शेवटची फ्रेम असं दिलं. आता त्याला कुठून निघायचं आणि कुठे पोचायचं दोन्ही ठरवून दिलेलं, त्यामुळे मधलं भटकणं जवळजवळ थांबलं. ही सुरुवात-शेवट फ्रेमची सोय क्लिंगमध्ये आहे आणि फ्लोमध्येही. किल्ल्यांचं काम करायचं असेल तर टूल निवडताना सगळ्यात आधी हे फीचर बघा, रिझोल्यूशन वगैरे नंतर.

थोडक्यात आत काय चालतं तेही सांगते म्हणजे राग येणार नाही. ही मॉडेल्स शून्यातून चित्र काढत नाहीत, आधी नुसता कचरा, टीव्हीवर मुंग्या यायच्या तसा, आणि तो हळूहळू साफ करत करत चित्र बाहेर काढतात, आणि सगळ्या फ्रेम एकत्रच. ८ सेकंद गुणिले सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे १९२ फ्रेम, त्या सगळ्यांत बुरुजाचा तोच दगड त्याच जागी ठेवायचा. शॉट जितका लांब आणि हालचाल जितकी जास्त तितकं ते सुटत जातं. म्हणून छोटे शॉट, एका वेळी एकच हालचाल.

आता एकेक टूल पटापट.

व्हिओ: मे २०२५ मध्ये व्हिओ ३ आलं तेव्हापासून व्हिडिओबरोबर आवाजही तयार होतो, पाऊस, वारा, पावलांचे आवाज, ढोल. निसर्ग, ढग, पाणी, उजेड यात मला हेच सगळ्यात आवडतं. सह्याद्रीचा पाऊस याच्याइतका कुणी काढत नाही असं माझं ठाम मत आहे.

क्लिंग: चीनच्या क्वाइशौ कंपनीचं, जून २०२४ मध्ये आलं. मी वापरलं तेव्हा क्लिप ५ किंवा १० सेकंदांची. माणसाच्या अंगाची हालचाल, चालणं, धावणं, कापडाचं हलणं यात भारी. मावळा पायऱ्या चढतोय हा शॉट मला इथेच पटला. फक्त वेष फोटोतून द्या. शब्दात धोतर, मुंडासं, नऊवारी लिहून काही होत नाही, नऊवारीचा काष्टा तर हमखास गायब होऊन साधी गोल साडी येते.

रनवे: न्यूयॉर्कची कंपनी, या क्षेत्रातली जुनी. जेन-४ मार्च २०२५ चं, त्याची खरी ताकद म्हणजे रेफरन्स. एकाच पात्राचा चेहरा, कपडे वेगवेगळ्या शॉटमध्ये तेच ठेवता येतात. तुमची गोष्ट एखाद्या काल्पनिक गडकऱ्याच्या किंवा पहारेकऱ्याच्या तोंडून सांगायची असेल तर हे लागेल. मग जुलै २०२५ मध्ये अलेफ आलं, त्यात आधीच शूट केलेल्या व्हिडिओत बदल करता येतात, म्हणजे उन्हाळ्यात मोबाईलवर काढलेल्या राजगडाच्या क्लिपमध्ये पाऊस आणायचा वगैरे. पण स्टँडर्ड प्लॅन १५ डॉलर, ६२५ क्रेडिट, जेन-४ ला सेकंदाला १२ क्रेडिट, म्हणजे सगळे मिळून ५२ सेकंद, त्यातले चांगले किती ते वरच्या हिशोबाने तुम्हीच काढा. त्याचंच स्वस्त रूप, टर्बो, घेतलं तर सेकंदाला ५ क्रेडिट, मग १२५ सेकंद होतात, सरावासाठी तेच वापरा. पैसे डॉलरमध्ये जातात त्यामुळे बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वर लागतं तेही धरा.

सोरा: फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआयने नमुने दाखवले तेव्हा आम्ही सगळे थक्क झालो होतो, नाव त्यामुळेच एवढं मोठं आहे. सोरा २ सप्टेंबर २०२५ च्या शेवटी आलं, आवाजासकट, पण ते सुरुवातीला अमेरिका-कॅनडासाठी, निमंत्रणावर, आणि व्हिडिओवर हलता वॉटरमार्क. मजेच्या रीलसाठी ठीक होतं, किल्ल्याच्या कामाला मला कधी लागलं नाही.

घरात चांगला गेमिंग पीसी असेल तर अलीबाबाचं वान बघा, हे ओपन आहे, फुकट उतरवून घेता येतं. वान २.१ चं छोटं मॉडेल ८ जीबीच्या आसपासच्या ग्राफिक्स कार्डवर चालतं, कम्फीयूआय नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये. शिकायला वेळ जातो आणि चित्र ४८० पी म्हणजे कमी स्पष्ट, पण क्रेडिटची धास्ती नाही, शंभर वेळा चुकलात तरी फक्त वीजबिल. मी शॉटची रचना आधी भावाच्या पीसीवर वानमध्ये करून बघते, जमतोय असं वाटलं तरच पैशाच्या टूलवर जाते.

वर्षाचा प्लॅन मात्र कुठलाही घेऊ नका. मी एका टूलचा घेतला होता, दोन महिन्यांत दुसरं मॉडेल पुढे गेलं आणि पैसे अडकले. बहुतेक ठिकाणी उरलेले महिन्याचे क्रेडिट पुढच्या महिन्यात जात नाहीत हेही बघून ठेवा.

आवाजाबद्दल कळकळीने सांगते, निवेदन स्वतःच्या आवाजात करा. एका टूलकडून पहारेकऱ्याच्या तोंडी ‘वेळ झाली, मशाली पेटवा’ एवढंच वाक्य करून घेत होते, आणि दर वेळी ‘वेल झाली’. ळ चा ल. आणि सूर असा की कुणी हिंदी माणूस मराठी वाचून दाखवतोय. लोक चित्रातली चूक एकवेळ सोडतील, कानाला खटकलं की लगेच पुढे जातात. गोधडी डोक्यावरून घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड केलेला तुमचा आवाज या सगळ्यापेक्षा चांगला, खरंच करून बघा. तसंच देवनागरी अक्षरं व्हिडिओत तयार करायला सांगू नका, जोडाक्षरांची वाट लागते. गडाचं नाव, सनावळी, नकाशा हे सगळं एडिटिंगमध्ये टाका, डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती मिळते.

आणि एक गोष्ट, ही टूलपेक्षा महत्त्वाची. महाराजांचा चेहरा, त्यांच्या तोंडी वाक्यं, खऱ्या लढाईचं ‘फुटेज’ असलं काही एआयने करू नका. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, बाहेरचे लोकही आता हे गड शोधतायत, तमिळनाडूतला जिंजीसुद्धा त्यात आहे. त्यांच्यासमोर राजस्थानी घुमटांचा रायगड गेला तर तोच खरा वाटणार, शाळेतल्या पोरांच्या प्रोजेक्टमध्येही तोच जाणार. मी एकदा घाईत चुकीच्या तटबंदीचा शॉट टाकला होता, दोन दिवसांत काढून टाकला पण तोपर्यंत तो व्हॉट्सॲपवर फिरायला लागला होता. अजून टोचतं ते.

यूट्यूबवर खरं वाटेल असं एआय दृश्य असेल तर अपलोड करताना तसं सांगावं लागतं, २०२४ पासून हा नियम आहे. व्हिओच्या क्लिपमध्ये तर सिंथआयडी नावाची डोळ्याला न दिसणारी खूण आधीच असते. मी त्यापुढे जाऊन शॉटच्या कोपऱ्यात ‘काल्पनिक दृश्य’ असं लिहितेच. व्ह्यूज कमी झाले नाहीत, उलट लोकांनी विश्वास ठेवला. आणि जुलै २०२५ पासून यूट्यूबने घाऊक, साच्यातून काढलेल्या व्हिडिओंना पैसे न देण्याचा नियम जास्त स्पष्ट केलाय, त्यामुळे रोज एक व्हिडिओ एआयवर पाडायचा विचार असेल तर तो सोडा.

तुमच्या पहिल्या व्हिडिओसाठी मी असं करेन. एकच गड, समजा राजगड. पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ, त्यात बहुतेक तुमचे स्वतःचे फोटो आणि मोबाईलची क्लिप, एआयचे शॉट फक्त सात-आठ, तेही जिथे तुमचा कॅमेरा पोचू शकत नाही तिथे, म्हणजे रात्रीचा पहारा, पावसात ढगातून वर आलेला बालेकिल्ला, सुवेळा माचीवरच्या नेढ्यातून (कातळातल्या आरपार भोकातून) येणारा वारा. गडावर जाल तेव्हा प्रत्येक जागेचे दोन फोटो काढा, एक लांबून आणि एक दहा पावलं पुढे जाऊन त्याच दिशेने, म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही फ्रेम तयार. आणि शक्यतो ढगाळ सकाळी काढा, कडक उन्हाच्या फोटोत सावल्या गडद असतात आणि कॅमेरा हलायला लागला की त्या सावल्यांच्या जागीच दगड वितळतात, ढगाळ फोटोत ते बरंच कमी होतं.