‘राघू बिन गणू’ : बिन म्हणजे मुलगा, आणि राघू दोन

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांच्या घरी जुन्या ट्रंकेत दोन कागद निघाले. एक १८८७ चं मोडीतलं खरेदीखत. ते त्यांनी जाणकाराकडून वाचून घेतलं, त्यात ‘लिहून घेणार राघू बिन गणू’ असं आहे. दुसरा १९२१ च्या फेरफाराचा उतारा : ‘राघू बिन गणू मयत, वारस मुलगा गणू बिन राघू अज्ञान, पालनकर्ती आई सखू कोम राघू.’ (अज्ञान म्हणजे अल्पवयीन.) ते विचारतात, बिन म्हणजे ‘शिवाय’ ना? मग गणूशिवाय राघू, म्हणजे बापाविना वाढलेला, असं समजायचं का? कोम म्हणजे जात का? आणि हा राघू म्हणजे आमचे पणजोबाच ना? ते १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, ऐन पंचविशीत गेले, असं घरात सांगतात.

आधी बिन. मराठीत दोन बिन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बिनचूक, बिनविरोध, बिनपगारी यातला बिन संस्कृत ‘विना’चा. तो नामाच्या आधी बसतो आणि त्याच्याशी मिळून एक शब्द होतो. खरेदीखतातला बिन अरबी आहे, अर्थ ‘मुलगा’. तो नेहमी दोन माणसांच्या नावांमध्ये येतो : आधी मुलगा, मग बाप. राघू बिन गणू म्हणजे गणूचा मुलगा राघू, एवढंच. गंमत अशी की तलाठ्याच्या दप्तरात हे दोन्ही बिन एकत्र नांदतात. ‘बिनशेती’तला बिन वेगळा आणि ‘राघू बिन गणू’तला वेगळा. लिहिणाऱ्याला ‘गणूवाचून’ असं म्हणायचंच असतं, तर त्याने ‘गणूविना’ लिहिलं असतं. गोंधळाला मोडीचाही हातभार आहे. मोडीत आधी शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ‘राघूबिनगणू’ असं एकसंध दिसलं की नवख्याची नजर अडखळते.

याच अर्थाचा दुसरा शब्द वलद किंवा वल्द. विदर्भातल्या कागदांत तो जास्त भेटतो. ब्राह्मण घरांच्या कागदांत पुष्कळदा असा जोडशब्द नसतोच, नुसतं बापाचं नाव पुढे लागतं. ‘बाजीराव बल्लाळ’मधला बल्लाळ म्हणजे बाळाजी, बाजीरावाचे वडील. ते आडनाव नव्हे.

बायकांच्या नावांपुढचे शब्द मला जास्त मोलाचे वाटतात, कारण वंशावळीचं कोडं पुष्कळदा तिथेच सुटतं. सखू कोम राघू म्हणजे राघूची बायको सखू. इथे कोमचा जातीशी संबंध नाही. विदर्भाकडे याच जागी ‘जौजे’ येतं. आणखी दोन शब्द आहेत, भ्रतार आणि मर्द, आणि त्यांची दिशा उलटी आहे. ‘सखू भ्रतार राघू’ म्हणजे सखू, जिचा नवरा राघू. कोम बायकोबद्दल बोलतो, भ्रतार नवऱ्याबद्दल. नातं तेच. सातबाऱ्यावर भ्रतारचं नुसतं ‘भ्र.’ उरतं. ‘काशी मर्द रामजी’ वाचून काशी हा पुरुष ठरवलेला मी एका हस्तलिखित वंशावळीत पाहिला आहे. त्या एका चुकीने एक बाई आणि तिच्यामागचं सगळं माहेर वंशावळीतून पुसलं गेलं होतं.

आता खरा प्रश्न, राघू कोणता? पणजोबा १९१८ त पंचविशीत गेले असतील, तर जन्म १८९३ च्या आसपासचा. म्हणजे १८८७ त जमीन घेतली गेली तेव्हा ते जन्मलेही नव्हते. घरची आठवण खरी असेल, तर खरेदीखतातला राघू बिन गणू आणि फेरफारातला मयत राघू बिन गणू हे एक नव्हेत. बहुधा आजोबा आणि नातू.

आजोबांचं नाव नातवाला देण्याची रीत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की दर तिसऱ्या पिढीला तीच जोडी परत येते : राघू बिन गणू, गणू बिन राघू, पुन्हा राघू बिन गणू. पेशव्यांकडे बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, आणि थोरल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. शिवाजी महाराजांच्या दोन नातवांना त्यांचंच नाव मिळालं. शाहू महाराजांचं जन्मनाव शिवाजी, आणि ताराबाईंच्या मुलाचंही नाव शिवाजी. बिन उपयोगी पडतो तो अशा वेळी. एक शिवाजी संभाजीचा, दुसरा राजारामाचा. एकाच आजोबाचं नाव घेतलेले चुलतभाऊ बापाच्या नावाने वेगळे काढता येतात. आजोबा आणि नातू मात्र तसे निघत नाहीत, कारण त्यांच्या बापांचीही नावं एकच असतात. तिथे सालच पाहावं लागतं.

आणखी एक सावधगिरी. बिन रक्ताचं नातं सांगत नाही, कागदावरचं सांगतो. दत्तक गेलेल्या मुलाच्या नावापुढे दत्तक बापाचं नाव लागतं, कधी त्याचं स्वतःचं नावही बदलतं. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ त कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ त बडोद्याला सयाजीराव झाले. राजघराण्यांत याच्या नोंदी आहेत. शेतकऱ्याच्या घरात दत्तकपत्र मिळालं तर मिळालं.

म्हणून नावावर थांबू नका, जमीन पाहा. दोन्ही कागदांत सर्व्हे नंबर एकच आहे का? नसेल तर चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते, वाचा. ‘पूर्वेस ओढा, दक्षिणेस धोंडी बिन राघू याचा हिस्सा’ अशी ओळ सापडली तर तो धोंडी १८८७ च्या राघूचा मुलगा, म्हणजे मधल्या गणूचा भाऊ असण्याचा संभव आहे. वाटण्या झाल्या की भाऊबंद एकमेकांच्या बांधाला येतात, त्यामुळे चतुःसीमा ही अर्धी वंशावळच असते. गावात जुना थळझाडा, म्हणजे गावच्या जमिनींची जुनी यादी, कुणाकडे असेल तर तोही पाहा. त्यात शिवाराचे भाग, म्हणजे थळं, मूळ मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्या, कुळांच्या नावाने असतात. कूळ संपलं, जमीन गतकुळी झाली, तरी थळाचं नाव टिकतं. तुमचे पूर्वज तिथले थळकरी होते की बाहेरून आलेले उपरी, हे त्यावरून उमगू शकतं.

आडनाव दोन्ही कागदांत नाही, यात वावगं काही नाही. पाटील किंवा कुलकर्णी दिसलं तरी ते वतन असू शकतं. राघूचं राघोजी, राघोबा किंवा रघुनाथ झालेलं दिसलं तर तो निराळा माणूस समजू नका.

तुम्हाला शोधायची आहे ती एकच नोंद, या दोन कागदांच्या मधली. त्या जमिनीवर १८८७ आणि १९१८ च्या दरम्यान ‘गणू बिन राघू’ असा कुणी खातेदार हवा. तो मिळाला की साखळी जुळली : खरेदी करणारा राघू, त्याचा मुलगा गणू, मग मानमोडीत गेलेले तुमचे पणजोबा राघू, आणि फेरफारातला अज्ञान गणू म्हणजे तुमचे आजोबा. मधला गणू तुमचे खापरपणजोबा. त्या नोंदीसोबत एखादी ‘कोम गणू’ही मिळेल. तिचं नाव उतरवून घ्यायला विसरू नका. खरेदीखताच्या तळाशीही एकदा पाहा. साक्षीदारांच्या नावांशेजारी ‘निशाणी नांगर’ असं लिहून नांगराचं चित्र काढलेलं असेल, तर अक्षरओळख नसलेल्या त्या शेतकऱ्याची ती सही आहे. त्या नावापुढेही बिन असेल.