पैसे आहेत, पण खर्च करवत नाहीत

पैसे असूनही खर्च करवत नाहीत ही अडचण ज्याची असते, तो सहसा समुपदेशकाकडे येत नाही. त्याची बायको येते, नाहीतर मुलगी. सुनंदाताई आल्या त्या नवऱ्याच्या, मोहनरावांच्या, उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूपायी. ऑपरेशन करून घ्या असं डॉक्टरांनी सांगून वर्ष होत आलं होतं आणि मोहनराव ‘थंडीत करू’, ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत पुढे ढकलत होते. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मोहनराव साठीचे. राज्य सरकारच्या नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले. नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले, त्यामुळे जुनी पेन्शन, तीही महागाई भत्त्यासह. डोंबिवलीतल्या घराचं कर्ज फिटलेलं, मुलगी नागपुरात आपल्या संसारात. महिन्याला येणाऱ्या पैशांतले निम्म्याहून जास्त शिल्लक पडत. आणि तरी मुलीने दिलेले शर्ट कव्हरासकट कपाटात, गुडघा दुखत असला तरी स्टेशनवरून घरी चालतच, हॉटेलात बसलं की मेन्यूकार्डावर आधी भाव वाचायचे. “लोक यांना चिक्कू म्हणतात,” सुनंदाताई म्हणाल्या, “पण पुतण्याची इंजिनियरिंगची फी यांनी एका शब्दावर भरली हो.”

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. मोहनरावांचा हात संकटासाठी अडत नव्हता. तो अडत होता फक्त सुखासाठी. ऑपरेशनलाही त्यांनी मनात सुखसोयीच्याच रांगेत बसवलं होतं, कारण ‘एका डोळ्याने दिसतंय ना अजून.’

पुढच्या वेळी ते स्वतः आले, पासबुकांची पिशवी घेऊन. बँकेतल्या ठेवींना दर बँकेमागे ५ लाखांपर्यंतच विमा असतो, म्हणून त्यांनी पैसे पाच-सहा बँकांत आणि पोस्टात विभागून ठेवले होते. अगदी योग्य केलं होतं. पैशांतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि म्हणूनच ‘आता जगा की मजेत’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचं त्यांच्यापुढे काही चालत नव्हतं. मी पैशांबद्दल काही बोलले नाही. घरात पैसे संपलेले कधी पाहिलेत का, एवढंच विचारलं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांत लालबागच्या चाळीत राहणारे मोहनरावांचे वडील होते. मोहनराव तेव्हा सतरा वर्षांचे. सुरुवातीला सगळ्यांनाच वाटलं, महिना-दोन महिन्यांत मिटेल. मग आईच्या पाटल्या गेल्या. वडील धाकट्या भावाला घेऊन कोकणात गावी गेले, तिथे निदान भात होता. वाण्याने एक दिवस दुकानात चार माणसांसमोर सांगितलं, “आधी मागचं द्या, मग तेल.” तेलाची रिकामी बरणी घेऊन चाळीचा जिना चढल्याचं सांगताना मोहनराव थांबले, आणि बराच वेळ बोलले नाहीत. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वडिलांना गिरणीत परत घेतलं नाही. ते एका गोदामावर वॉचमन झाले.

गिरणगावातून आलेल्या घरांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. साठवण्याची ही सवय म्हणजे त्या दिवसांनी शिकवलेलं शहाणपण असतं आणि त्यावरच पुढचं घर उभं राहिलेलं असतं. तिची चेष्टा केली की माणूस मूठ आणखी घट्ट आवळतो. म्हणून सुनंदाताईंना मी पहिली विनंती केली ती ही, की ‘चिक्कू’ हा शब्द घरातून काढून टाका, थट्टेतसुद्धा नको.

काटकसर आणि ही अडचण यांत फरक कसा करायचा? रिक, क्रायडर आणि लोवेनस्टाइन या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये या विषयावर काम प्रसिद्ध केलं. काटकसरी माणसाला वाचवण्यात आनंद असतो; दुसऱ्या प्रकारच्या माणसाला पैसे देताना वेदना होते, आणि त्या वेदनेपायी तो स्वतःलाच जेवढा करावासा वाटतो त्यापेक्षा कमी खर्च करतो. मी मोहनरावांना विचारलं, “रिक्षाचे पैसे वाचले की बरं वाटतं, की रिक्षात बसलं की त्रास होतो?” ते लगेच म्हणाले, “मीटर पडताना छातीत धडधडतं.”

ऑपरेशन आम्ही चर्चेतूनच बाहेर काढलं. उपचार म्हणजे चैन नव्हे, त्यावर सराव करायचा नाही, तारीख घ्यायची. ते त्याच महिन्यात झालं.

मग कागद काढला. प्रश्न एकच: पुरेसं म्हणजे किती? भीतीला आकडा नसतो, म्हणून तिचं कधी भागत नाही. मोहनरावांनी जुन्या डायऱ्या चाळल्या तेव्हा त्यांना स्वतःलाच दिसलं की एके काळी पंचवीस लाख हे त्यांचं ‘बस्स’ होतं. तिथे पोचल्यावर ते चाळीस झालं, मग साठ. कुठल्याच मुक्कामावर ते एक दिवसही टेकले नव्हते. आम्ही भीतीचा वाटा आधी काढला आणि हात सैल ठेवून काढला: दोघांच्या आजारपणाला किती, पेन्शन काही कारणाने अडली तर दोन वर्षांच्या घरखर्चाला किती, इमारतीच्या दुरुस्तीला किती. ही रक्कम कुणी शिवायची नाही. आकडा शाईने लिहिला, दोघांनी खाली सह्या केल्या आणि ठरलं की तो बदलायचा तर फक्त १ एप्रिलला, दोघांनी मिळून.

उरलेल्या पैशांनाही मुद्दल मोडून हात लावणं त्यांना जमलं नसतं. आपल्याकडे मुद्दल मोडणं हे पाप वाटावं अशाच घरांत आपण वाढलो. त्यांचे १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत होते. त्यावर ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांना ३०,७५० रुपये खात्यात येत आणि मोहनराव त्याचीही ठेव करून टाकत. ते व्याज आता दोघांच्या संयुक्त खात्यात जाऊ लागलं. त्यातले दहा हजार सुनंदाताईंचे, ज्याचा हिशेब त्यांना कुणी विचारायचा नाही. बाकीच्यातून आठवड्याला एक खर्च, फक्त आनंदासाठी. आधी धडधड दहापैकी किती, दुसऱ्या दिवशी किती, हे वहीत लिहायचं.

एप्रिलमध्ये त्यांनी हापूस घेतला, एक डझन, भाव उतरायची वाट न पाहता. धडधड आठ. दुसऱ्या दिवशी तीन. मला आनंद झाला, पण वहीत पुढच्या ओळीवर लिहिलं होतं: ‘पेपर बंद केला.’ आंब्यांची भरपाई! घरच्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही. माणूस खर्च करतो आणि गुपचूप दुसरीकडे स्वतःला कापून तो फेडतो, त्यामुळे भीतीला वाटतं की आपलंच बरोबर होतं. पेपर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायला लावला. तेव्हापासून वहीत तिसरा रकाना आला, ‘कुठे कापलं का?’ माझ्या अनुभवात खरा बदल याच रकान्यातून होतो.

हे सगळं प्रत्येकाला लागू नाही. ज्याला पेन्शन नाही, ज्याची कमाई रोजंदारीवर किंवा पावसावर आहे, त्याची भीती आजच्या घडीची आणि खरी आहे. त्याला मी ‘खर्च करा’ असं कधीच सांगत नाही. आणि एखादी वयस्क व्यक्ती अचानक ‘आपण कंगाल झालो, घरात दमडी उरली नाही’ असं म्हणू लागली, पासबुक दाखवूनही तिला पटेना, जेवण-झोप कमी झाली, तर ते तीव्र नैराश्याचं लक्षण असू शकतं. तिथे वह्या आणि रकाने नकोत, मनोविकारतज्ज्ञांकडे लगेच न्या.

यंदा १ एप्रिलला मोहनरावांनी आकडा वाढवायचा प्रस्ताव मांडला. सुनंदाताईंनी कारण विचारलं. दवाखान्याचे दर वाढलेत, म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून त्या एका रकमेत वाढ झाली. बाकीच्या दोन होत्या तशा राहिल्या, आणि व्याजाच्या पैशांना हात लागला नाही. गेल्या महिन्यात दोघं मुलीकडे नागपूरला जायचं ठरवत होते. जाताना थ्री टायर एसीचं तिकीट त्यांनी स्वतः काढलंय. परतीचं स्लीपरचं काढलं, आणि वहीच्या तिसऱ्या रकान्यात ते स्वतःहून लिहून आणलं. बदलायचं की नाही, ते पुढच्या भेटीपर्यंत दोघं ठरवणार आहेत.