वळवाच्या दिवसांत डोंगरात जाताना
एप्रिल-मेमध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर किंवा चोर्ला घाटाकडच्या डोंगरांत जायचं असेल तर पहाटेच निघ आणि दुपार व्हायच्या आत माथा सोड. वळीव बहुतेक वेळा दुपारनंतरच गाठतो. सकाळी दहा-अकरालाच ढग उभे वाढायला लागले तर सावध हो. त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरला की विजा आल्याच समज. उकाड्यात एकदम गार वारं सुटलं, तर पाऊस जवळ आलाय.

वीज चमकली की गडगडेपर्यंत सेकंद मोज. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडलं तर उघड्यावर थांबू नकोस, एकट्या झाडाखाली तर मुळीच नको. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास दम धर. घाई इथेच नडते.

पावसाळ्यात मोबाईलवर बेळगावचा अंदाज बघून घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला जाऊ नकोस. शहरात भुरभुर असते तेव्हा तिकडे धो धो कोसळतो, कारण समुद्राकडचं वारं घाटाला अडून वर चढतं आणि थंड होतं. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या, तर ओलांडायचा नाही, डोक्यावर ऊन असलं तरी. आणि छत्री घरीच ठेव बाबा, घाटमाथ्यावर ती उलटीच होते.