जिनिव्हाआधी कोल्हापुरातलं दार

प्रश्न असा आहे: भारताने मानवी हक्कांचे करार मान्य केलेत, तर कोठडीतल्या मारहाणीची तक्रार कोल्हापुरातून थेट जिनिव्हाला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे, का करता येत नाही?

कारण ते दार भारताने उघडलेलंच नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात आपण 10 एप्रिल 1979 ला सामील झालो, पण एकट्यादुकट्याला तक्रार करू देणारा त्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल (वेगळा जोडकरार) स्वीकारला नाही. छळविरोधी करारावर तर 1997 पासून नुसती सही आहे. सही म्हणजे मंजुरी नव्हे. इथंच निम्मे लोक फसतात.

छळासारख्या विषयावर नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञाला, म्हणजे विशेष प्रतिवेदकाला, पत्र पाठवता येतं. तो सरकारकडे खुलासा मागू शकतो, निकाल देत नाही.

दुसरी अडचण म्हणजे करार आपल्याकडे आपोआप कायदा होत नाही (सर्वोच्च न्यायालयाचा जॉली जॉर्ज वर्गीस निकाल, 1980). नेदरलँड्समध्ये उलट आहे, तिथं कराराचं सर्वांना बंधनकारक कलम देशाच्या कायद्यावर मात करतं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा निकाल तर सदस्य देशांवर बंधनकारकच, पण अंमलबजावणी तिथंही रखडते. ब्रिटनमधल्या कैद्यांच्या मतदानाच्या हक्काबद्दल त्या न्यायालयाचा निकाल 2005 चा. फाइल बंद व्हायला 2018 उजाडलं.

आता कामाचं. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, त्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खालची रिट (हक्क मोडला म्हणून उच्च न्यायालयात थेट केलेली याचिका) घेऊन मुंबई गाठायला नको. मुख्य मुद्दा अनुच्छेद 21 चा (जीविताचा हक्क) घ्या, नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं कलम 7 (छळाला मनाई) त्याच्या आधाराला. नवखे वकील करारच पुढे करतात, आणि 'हा इथला कायदा नाही' एवढ्या एका वाक्यात सरकारी वकील मोकळे होतात.

भरपाई मागताना त्याच कराराचं कलम 9(5) (बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क) लावा. त्यावर भारताने करारात सामील होताना हरकत नोंदवलीय (हे कलम आम्हाला तसंच लागू नाही अशी), ती समोरून दाखवली जाईलच. उत्तर तयार ठेवा: नीलाबती बेहेरा (1993) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम उद्धृत करून कोठडीत मेलेल्या तरुणाच्या आईला दीड लाख देववले, आणि डी. के. बसू (1997) मध्ये त्या हरकतीला आता अर्थ उरला नाही असं म्हटलं.

मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून 1 वर्षाच्या आत. राज्य आणि राष्ट्रीय आयोग दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका. एकाकडे प्रकरण असलं की दुसरा हात लावत नाही. आणि आयोग फक्त शिफारस करतो. पैसे देण्याचा हुकूमच हवा असेल तर रिटच. सोबत वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि अटकेची वेळ दाखवणारा कागद जोडा, नाहीतर सगळं अडतं ते तिथंच.