शंभर क्वालिटीवर सेव्ह करूनही धुक्यात चौकोन का दिसतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पहाटेच्या धुक्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा जेपीईजी काढला, आधी क्षितिज सरळ केलं, दुसऱ्या दिवशी क्रॉप केला, मग डीहेझ (फोटोतलं धुरकटपण कमी करणारा स्लायडर) मारलं. दर वेळी क्वालिटी १०० ठेवून सेव्ह केलं, तरी १२ बाय १८ इंची प्रिंटवर धुक्यात चौकोन दिसले. आता फाइल पीएनजी केली तर सुधारेल का?

पीएनजीचं आधी सांगून टाकतो: नाही सुधारणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पीएनजी किंवा टिफ हे प्रकार काहीही न गाळता साठवतात, त्यामुळे पुढची झीज थांबते, झालेली भरून निघत नाही. फाइल मात्र चांगली जाडजूड होते आणि उगाच समाधान वाटतं.

आता त्या १०० बद्दल. ते टक्के नव्हेत, त्या त्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं माप आहे. फोटोशॉपच्या नेहमीच्या 'सेव्ह ॲज'मध्ये हेच माप ० ते १२ असतं. आणि खरं सांगायचं तर १०० वर तीनदा सेव्ह केल्याने एवढे ठळक चौकोन येत नाहीत. मला संशय आहे तो डीहेझवर.

जेपीईजी फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील डोळ्याला कळणार नाही अशा बेताने गाळतो. पक्ष्याच्या पिसांत तपशील भरपूर, तिथे गाळलेलं लपून जातं. धुक्यात मात्र एका तुकड्यात जेमतेम दोन-तीन छटांचा फरक असतो. तोही गाळला गेला की अख्खा तुकडा जवळपास सपाट होतो आणि शेजारच्या तुकड्याशी किंचित पायरी पडते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ती कुणाला दिसत नाही. पण डीहेझचं कामच मुळी अशा पुसट फरकांना ताणायचं. म्हणजे जे दिसू नये म्हणून जेपीईजीने इतकी खटपट केली, तेच आपण खेचून वर आणतो. मूळ फाइल २०० टक्के झूम करा आणि स्लायडर हळूहळू सरकवा. चौकोन कधी उगवतात ते डोळ्यासमोर दिसेल.

वारंवार सेव्ह करण्याचं नुकसान होतंच, पण लोक समजतात तसं नाही. फाइल नुसती उघडून बंद केली किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी केली तर काहीही बिघडत नाही. काहीच न बदलता त्याच सॉफ्टवेअरमधून त्याच क्वालिटीवर पुन्हा सेव्ह केली तरी फरक नगण्य. नुकसान वाढतं ते तुकड्यांची जाळी हलली की. क्षितिज दोन अंश फिरवलं, तर जुन्या चौकोनांच्या कडा तिरक्या झाल्या आणि त्यांच्यावर नवी सरळ जाळी बसली. मग क्रॉप केलं, जाळी पुन्हा सरकली. दर वेळी जुन्या कडांनाच तपशील समजून नव्याने गाळणी. सरळ ९० अंशांत फिरवायचं असेल तर इरफानव्ह्यू या सॉफ्टवेअरमधलं लॉसलेस रोटेशन वापरा, त्यात नव्याने गाळणी होत नाही. त्यासाठी फोटोच्या बाजूंना तुकड्याच्या मापाने (रंगाची माहिती धरून ते १६ पिक्सेलपर्यंत जातं) नि:शेष भाग जायला हवा. २४ मेगापिक्सेलची ६००० बाय ४००० ची फाइल असेल तर दोन्ही आकड्यांना १६ ने भाग जातो, त्यामुळे काहीही गमवावं लागत नाही.

तुमच्या फोटोसाठी मी असं करेन. कार्डावरची मूळ फाइल घ्यायची, एडिट केलेली नाही. लाइटरूम असेल तर सगळे बदल नुसत्या सूचना म्हणून साठतात, मूळ फाइलला हात लागत नाही. गिम्प या सॉफ्टवेअरमध्ये असाल तर प्रिसिजन (छटांच्या पायऱ्या किती बारीक ते) १६ बिट करा. त्याने नवी माहिती येत नाही, पण ८ बिटच्या २५६ पायऱ्यांत ओढाताण करताना नव्या पट्ट्या पडतात, त्या टळतात. काम एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या फाइल प्रकारात ठेवा. डीहेझ फक्त पक्ष्यांवर मास्क करून, धुक्याला लावूच नका. शार्पनिंगही तसंच, तेही आकार ठरल्यावर शेवटी. धुक्यात थोडा ग्रेन (बारीक दाणे) टाकला तर उरलेल्या पायऱ्या दबतात. प्रिंटवर तो खटकत नाही. मग जेपीईजी एकदाच काढा. ९०-९५ पुरे होतं, १०० ने बहुतेक फाइलच फुगते.

एक जादा गोष्ट, कारण मार्चमध्ये इथे हमखास हा प्रश्न येतो. रहाडीतल्या (नाशिकमधल्या रंगीत पाण्याच्या हौदातल्या) रंगपंचमीचे लाल-केशरी फोटो कडांना ओघळल्यासारखे दिसतात, त्याचं कारण वेगळं. जेपीईजी बहुधा रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एकच ठेवतो, उजेडाची मात्र प्रत्येकाची. एक्सपोर्टमध्ये सबसॅम्पलिंगचा (रंगाची माहिती अशी कमी करण्याचा) पर्याय असेल तर ४:४:४ निवडा, म्हणजे रंगही प्रत्येक पिक्सेलचा राहतो.

लॅबला फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, एचडी करूनही नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ६००० बाय ४००० पूर्ण ठेवलात तर १२ बाय १८ ला इंचाला ३३३ पिक्सेल मिळतात, म्हणजे मोठं करायची गरजच नाही. रंगांचं प्रोफाइल एसआरजीबी, फाइलमध्येच एम्बेड केलेलं. आणि काउंटरवर ऑटो करेक्शन बंद ठेवायला बजावून सांगा, नाहीतर त्यांचं मशीन तुम्ही टाळलेला कॉन्ट्रास्ट आपणहून चढवेल. पुढच्या हिवाळ्यात धुक्यात जाल तेव्हा कॅमेऱ्यात रॉ प्लस जेपीईजी लावा, म्हणजे जेपीईजीची गाळणी न झालेली फाइलही हाताशी राहील.