सगळं करते, पण मनात प्रेमच नाही

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका ताईंनी पर्समधून शंभर पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. पानापानावर आखलेले रकाने: वाचन, प्रार्थना, उपास, भेटी, आत्ती. जमलं तिथे निळी खूण, चुकलं तिथे लाल फुली. आत्ती म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्यांच्या रकान्यात रात्रीच्या वेळा होत्या, ११, १, ३, ५. लकवा झालेल्या सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दीड वर्ष हे चाललं होतं.

"मॅडम, परवा रात्री तीनला उठले आणि मनात आलं, ह्या सुटल्या तर बरं. रविवारी चर्चमध्ये नेमका बायबलमधला, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला. सगळं दान केलं, देह जाळायला दिला, पण प्रीती नसली तर काही लाभ नाही. मग मी ढोंगच करतेय ना? बंद करू का सगळं?"

हा प्रश्न मला सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून सतत येतो. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं. तिथली ख्रिस्ती मुलं 'सेवा' हा शब्द ऐकतच मोठी होतात. त्याचा मला अभिमान आहे. पण सेवा करणाऱ्याचं मन आतून कोरडं पडलं तर ते बोलायचं कुणाजवळ, हे कुणी शिकवत नाही.

वचनाकडे मी लगेच गेले नाही. आधी झोप, जेवण, रडू येणं, जीव नकोसा वाटणं, हे सगळं विचारलं. दीड वर्षात सलग दोन तास झोप न मिळालेल्या बाईच्या मनात तसा विचार आला, तर त्याला पाप म्हणण्याआधी थकवा म्हणावं. झोपेची चौकशी न करता थेट शास्त्रपाठ काढणं मला अन्याय वाटतो. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. कुपवाडच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या नवऱ्याला बोलावून घेतलं आणि रात्र दोघांत वाटून दिली.

पुढच्या भेटीत विचारलं, "ही लाल फुली कुणासाठी?"

"देवासाठी." मग बराच वेळ गप्प. "वडील असंच करायचे. वचन पाठ नसलं की ताट मिळायचं नाही."

तिथे गाठ सुटायला लागली. त्यांचा देव मुकादमासारखा हजेरी घेत होता. आम्ही बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडला. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत सगळं उधळून परत आलेल्या धाकट्याला बाप जवळ करतो, तेव्हा थोरला मुलगा बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय. घरातच राहून तो चाकर झाला होता. बाप त्याला हिशोब दाखवत नाही, माझं आहे ते सगळं तुझंच आहे म्हणतो.

चर्चमध्ये वाचलेल्या त्या तेराव्या अध्यायाबद्दलही मला त्यांच्याशी बोलायचं होतं. करिंथची मंडळी कृपादानांवरून, म्हणजे देवाने दिलेल्या खास देणग्यांवरून, एकमेकांपुढे मिरवत होती, पौलाने कान पिळले ते त्यांचे. पहाटे तीनला कूस बदलणाऱ्या सुनेसाठी तो फटका नव्हता. आणि प्रीती सहनशील आहे, दयाळू आहे, असं आपण वाचतो तिथे मूळ ग्रीकमध्ये क्रियापदं आहेत: प्रीती सोसते, दया करते. मनात उमाळा आला तरच ती खरी, असं पौल कुठेच म्हणत नाही.

तरी हेतूचा प्रश्न उरतोच, तो मी टाळणार नाही. भीतीपोटी केलेली सेवा माणसाला आतून कुरतडते. योहान पहिल्या पत्रात सांगतो की भीतीत शिक्षा असते, आणि आपण प्रीती करतो कारण देवाने आधी आपल्यावर प्रीती केली. म्हणजे प्रेम स्वतःला पिळून काढायचं नसतं. आधी ते घ्यावं लागतं, आणि या ताईंना घेणंच जमत नव्हतं.

"ताई, तुमची काळजी याआधी कुणी घेतली होती?"

त्या आठवत बसल्या. "थोरल्याच्या बाळंतपणात. आई नव्हती मला. आत्तींनीच सव्वा महिना केलं सगळं. तळहातावर तेल कोमट करून डोक्याला चोळायच्या." आणि त्या रडल्या, दीड वर्षात पहिल्यांदा.

मी काम एकच दिलं: दोन आठवडे वही कपाटात. सेवा चालू, हिशोब बंद. रात्री उठल्यावर लांब प्रार्थना करायची नाही. आपल्याला कुणीकुणी सांभाळलं ते आठवायचं आणि त्याबद्दल देवाचे आभार मानायचे.

तिसऱ्या भेटीला त्या वही न घेता आल्या. चिडचिड अजून होते, म्हणाल्या, विशेषतः चादर ओली झाली की. उपास सध्या सोडलाय, त्याचं थोडं वाईट वाटतं. मग म्हणाल्या, "शनिवारी आत्तींच्या डोक्याला तेल लावलं. त्यांना बोलता येत नाही. पण डाव्या हाताने माझा हात धरला आणि सोडेचनात. तासभर तशीच बसले, मॅडम. किती वाजले ते बघितलंच नाही."