डिप्लोमा सिव्हिल झालाय, भूकरमापकाची नोकरी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलचा डिप्लोमा आहे, पुण्यात साइटवर १८ हजारांवर काम करताय, भूकरमापकाचा, म्हणजे भूमी अभिलेख खात्यात जमीन मोजणाऱ्या कर्मचाऱ्याचा, फॉर्म भरलाय. नोकरी प्रत्यक्षात कशी असते? आणि बहिणीनंही फॉर्म भरलाय, तिला फील्डवर जमेल का?

मी दहा-अकरा वर्षं सांगली जिल्ह्यात मोजण्या करतेय. बहिणीचं शेवटी सांगते.

पैशाचं आधी उरकू. २०२५ च्या जाहिरातीत ९०३ जागा होत्या आणि वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२००. महागाई भत्ता मिळवला की तुमच्या साइटच्या पगारापेक्षा बरंच जास्त होतं, आणि स्लॅब भरताना रात्री बारापर्यंत उभं राहावं लागत नाही. पदाचं पूर्ण नाव मात्र नीट वाचा: 'भूकरमापक तथा लिपिक'. ते 'तथा लिपिक' कुणी मनावर घेत नाही. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंग उगाच मागत नाहीत. शेतात एक दिवस गेला की त्याच्यामागे टेबलावर एक-दोन दिवस जातात. लगतच्या खातेदारांच्या नोटिसा, जबाब, पंचनामा, नकाशा, क्षेत्राचा मेळ, मग 'क' प्रत, म्हणजे अर्जदाराला द्यायचा मोजणीचा नकाशा.

आता खरं काम. टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) चालवता आलं की मोजणी आली असं मला वाटायचं, तुम्हालाही वाटत असेल. पण हद्द कायम मोजणीत आपण जमीन नुसती मोजत नाही, कागदावरची रेषा जागेवर कुठे पडते ते शोधतो. आणि तो कागद फार जुना असतो. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शेताच्या मधून एक सरळ रेषा टाकायची, शंकू (काटकोन धरायचं साधन) लावून तिच्या दोन्ही बाजूंना काटकोनात मापं घ्यायची आणि ती टिपणावर, म्हणजे त्या शेताच्या कच्च्या नकाशावर, लिहायची. माप साखळीनं. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. (गुंठा १,०८९ चौरस फुटांचाच का, हा प्रश्न मला डिप्लोमात कधी पडला नव्हता. एक साखळी गुणिले एक साखळी, बस.) म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा.

आज आमच्या हातातला रोव्हर (उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र) दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. पण ती जुळवायची कशाशी, तर आण्यात लिहिलेल्या टिपणाशी, आणि आकसलेल्या, कडा गेलेल्या नकाशाशी. शेतकरी भांडतात ते फूट-दीड फुटावर. समोरच्यानं दरवर्षी नांगराच्या एका ओळीनं बांध कोरला, एवढीच तक्रार असते. त्या एका फुटाचं उत्तर यंत्राच्या पडद्यावर दिसतं म्हणून ते टिपणात होतंच असं नाही. त्यात १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानं सर्व्हे नंबरांचे गट झाले, आणि काही गावांत गटाचा नकाशा एक बोलतो, वहिवाट दुसरं.

मग करायचं काय? आधी न हललेल्या खुणा शोधायच्या. शिवेचा दगड, जुना नाला, चार-पाच गट पलीकडचा जुना बांध. तीन-चार खुणा एकमेकींशी जुळल्या की मगच वादातल्या बांधाकडे वळायचं. अर्जदार डोक्यावर उभा असतो, "मॅडम, माझं रान इकडं हाय, तुम्ही तिकडं कुटं निघाला?" त्याला हे समजावण्यात सकाळ जाते. उसाचं रान असेल तर विचारूच नका. दहा फूट उसात टोटल स्टेशनसमोर धरायचा प्रिझम (आरसा) दिसत नाही, आणि रोव्हर आंब्याखाली नेला की त्याला आकाश मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात, रानं मोकळी झाल्यावर, कामांची रांग लागते.

पहिल्या वर्षातली माझी चूक सांगते. नकाशात विहीर होती, जागेवर विहीर होती, मी ती धरून सगळा गट बसवला. लगतचे एक आजोबा दिवसभर बांधावर तंबाखू मळत बसले होते. संध्याकाळी मी खुणा करायला निघाले तेव्हा म्हणाले, "बाई, ही हीर माझ्या लग्नानंतरची. जुनी तिकडं बाभळीपाशी बुजवलीया." वीस-बावीस फुटांचा फरक. सकाळीच का नाही बोललात, म्हणून विचारलं, तर "तुमी कुटं इचारलं?" दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा केलं, दोन्हीकडच्या लोकांसमोर माझी चूक झाली असं म्हणून. तेव्हापासून यंत्राचं तिकाटणं उघडण्याआधी गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठते.

खुणा दिल्यावर एक बाजू नाराज होते, कधी दोन्ही. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, ती उपअधीक्षक करतात, त्याच्यावर सुपर निमताना. तुमचं काम वरचा अधिकारी त्याच बांधावर उभा राहून तपासणार, हे धरूनच नकाशा काढायचा. हरलेला माणूस मात्र अपिलाच्या आधीच पारावर सांगून मोकळा होतो की समोरच्यानं पैसे चारले. पेपरातल्या लाचेच्या बातम्या बघता त्याला तरी काय बोलणार? मी माझ्यापुरतं ठरवलंय की वादाच्या मोजणीत चहा कुणाच्याच बाजूचा घ्यायचा नाही. डबा आणि पाण्याची बाटली घरची. लोक आधी रागावतात, माणुसकी नाही म्हणतात. म्हणू देत.

घ्यावी का? यंत्रांची हौस असेल पण माणसांचा आवाज चढला की तुमचाही चढत असेल, तर नका घेऊ, साइटवरच राहा. तिथे निदान ज्याच्याशी भांडायचं तो कंत्राटदार ठरलेला असतो. इथे दोन सख्खे भाऊ समोरासमोर असतात, एकजण मोजपट्टीवर पाय देऊन उभा राहतो, आणि तुम्ही शांतपणे नोटिशीची तारीख वाचून दाखवायची असते. कधी पोलीस बंदोबस्तात मोजावं लागतं. मला हे जमतं, मधूनमधून आवडतंही. माझ्या बॅचचे दोघं मात्र दोन वर्षांत दुसऱ्या खात्यात गेले.

गावठाणाचं काम त्या मानानं वेगळं. ड्रोननं गावठाण मोजायचा प्रयोग पुरंदरच्या सोनोरीत झाला, आणि २०२० पासून देशभर स्वामित्व योजना आली. ड्रोन उडायच्या आधी घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारावी लागते, आणि भांडण तिथेच होऊन जातं.

आता बहिणीचं. शौचालयाची पंचाईत होते, हे खरं. उन्हात पाणी कमी पिऊन मी एकदा आजारी पडलेय, तिनं ते करू नये. जवळच्या घरात सरळ विचारावं, कुणी नाही म्हणत नाही. नव्या गावात गेलं की "मोजणीवाले सायेब मागनं यायलेत का?" हे ऐकावं लागेल. पण एक फायदा आहे, तो पुरुषांना मिळत नाही. मी पाणी मागायला आत जाते आणि आतल्या बायका बोलतात. एकदा शिवेचा दगड सापडेना, बाहेर वीस पुरुष तीस जागा दाखवत होते. मागच्या दारी एक आजी कपडे धूत होत्या. मी सहज दगडाकडे बघत राहिले तर म्हणाल्या, "सासऱ्यानं आणलाय गं रानातनं. चांगला घडीव हाय, साबण लावाय बरा पडतो."